छत्तिसाव्या पानावरची पेन्सिलीची खूण

गुरुवार, ११ डिसेंबर २०२५. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी द्वारकाबाईंनी शहागंजमागच्या गल्लीतल्या एका छोट्या खोलीत टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. अकरा वाजून बावीस मिनिटांनी टेबलाचा खण उघडला आणि मी उजेडात आलो.

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, काळी लाकडी मूठ, आणि काचेच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा टवका. त्या खणात मी सात वर्षे होतो. सोबतीला सुकलेली शाईची पेटी, तुटलेली रबरे आणि अत्तराची रिकामी कुपी होती. तक्रार नाही. जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगावे, एवढेच मला शिकवलेले आहे.

ते मला शिकवले अप्पारावांनी. मुंबईतल्या एका कारखान्यात मी घडलो आणि १९७१ साली या शहरातल्या एका दैनिकाच्या कचेरीत आलो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. अप्पाराव तिथे मुद्रितशोधक होते. छापण्याआधीच्या कच्च्या प्रतीवर ते मला धरायचे आणि वेळ, ठिकाण, आकडा या तीन गोष्टी सर्वांत आधी तपासायचे. बातमी कितीही मोठी असो, क्रम हाच. एकदा जमिनीच्या लिलावाच्या जाहिरातीत भलत्याच शेतकऱ्याचा गट क्रमांक पडला होता. तो आम्ही पकडला. तो शेतकरी दुसऱ्या दिवशी दौलताबादहून सीताफळांची पाटी घेऊन आला आणि म्हणाला, "कुणी पाहिलं ते दाखवा." अप्पारावांनी मला उचलून दाखवले. त्याने मला नमस्कार केला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सत्कार. त्यानंतर दुसरा झाला नाही आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

मग कचेरीत संगणक आले. १९९६ साली अप्पाराव निवृत्त झाले. जमीन घेण्याआधी कुणाची हरकत आहे का, असे विचारणारी जाहीर प्रगटने छापायला एक उंच माणूस तिथे नेहमी यायचा. आपल्या मसुद्यातली चूक तो स्वतःच आधी सांगायचा. अप्पारावांनी जाताना मला त्याच्या हातात दिले. "हे तुमच्याकडं कामाला येईल," एवढेच म्हणाले.

तो माणूस म्हणजे कमरोद्दीन. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून त्यांचे मराठी करून देणे आणि खरेदीखते लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांची एक रीत होती. कागद कितीही सोपा असो, ते तो पक्षकारासमोर मोठ्याने वाचत. चतुःसीमेपाशी आले की थांबत. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. "चारी बाजूंना जाऊन आलात का?" असे विचारत. नसेल तर गिऱ्हाईक तिथूनच परत. पाहून आला की मग सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करत, तिथे सही होई, आणि सही वाळली की खूण खोडरबराने पुसून टाकत. खूण म्हणजे वाचून झाले, समजले. पुसली म्हणजे काम संपले.

वीस-बावीस वर्षे आम्ही असे काम केले. फिकट झालेल्या शाईतले नुक्ते, म्हणजे उर्दू अक्षरांचे ठिपके, मी मोठे करून दाखवले. नंतर मोबाईल आले. दोन बोटे पसरली की अक्षर मोठे होते, मग भिंग कशाला? मी आधी कागदांवरचे वजन झालो आणि २०१८ साली खणात गेलो. मोबाईलशी माझे वैर नाही. त्याच्या पडद्यावर मला धरले तर लाल, हिरवे, निळे ठिपकेच जास्त दिसतात, तिथे माझा इलाज चालत नाही. मला कागद लागतो.

त्या गुरुवारी कागद आला.

द्वारकाबाई निवृत्त शिक्षिका. बत्तीस वर्षे त्यांनी अजिंठा, वैजापूर आणि आसपासच्या शाळांमधून भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून त्यांनी हजारभर मुलांना समुद्र दाखवला असेल. स्वतः तो तीनदा पाहिला, तिन्ही वेळा सहलीत, मुले मोजता मोजता. अलीकडे त्यांनी वैजापूर रस्त्यावरचा आपला प्लॉट विकला. ९ नोव्हेंबरला, रविवारी, जालना रोडवरच्या एका हॉटेलात परदेशातल्या घरांचे प्रदर्शन भरले होते. दुबईत एका खोलीचे घर, नववा मजला, खिडकीतून समुद्र, हमखास भाडे, कर शून्य. बाईंनी दहा लाख रुपये भरून ते नोंदवले. आता सोमवारी, १५ तारखेला, तीस लाखांचा दुसरा हप्ता द्यायचा होता. त्यात प्लॉटचा बहुतेक पैसा जाणार होता.

"बाई, हे काय आणलं?" कमरोद्दीन म्हणाले. "ह्या मुंग्या आहेत का अक्षरं?"

"चौसष्ट पानं होती. झेरॉक्सवाल्याला म्हटलं, एका कागदावर दोन-दोन काढ. निम्म्यात काम झालं."

"हौ. दहा लाख देताना हात आखडला नाय, अन् झेरॉक्सला बत्तीस कागद वाचवले."

"बोला, बोला. तुमच्या डोळ्यांना दिसत नाही ते सांगा सरळ."

म्हणून खण उघडला. कमरोद्दीन आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी मला सदऱ्याच्या टोकाने पुसले, खिडकीकडे धरून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "अस्सल काच है." सात वर्षांनंतर मी पुन्हा कामावर रुजू झालो.

बाईंसोबत त्यांची भाची तनुजा होती. ती एका सनदी लेखापालाच्या कचेरीत काम करते. आत्याने हा व्यवहार केल्याचे तिला आदल्या दिवशी कळले होते, त्यामुळे ती अजून नीट बोलत नव्हती.

कमरोद्दीन पहिल्या पानावर सही पाहून थांबले. दुसऱ्यावर पाहिली. मग गठ्ठा चाळला. चौसष्टही पानांवर द्वारकाबाईंची सही होती, फळ्यावर लिहावी तशी गोल आणि स्वच्छ.

"बाई, हे वाचलं होतं तुम्ही?"

"प्रत्येक पानावर पिवळी चिठ्ठी लावलेली होती. सही इथं करा म्हणून."

"वाचलं होतं का?"

द्वारकाबाईंनी गठ्ठा आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं तीस वर्षं कागद केले. माझं घर, भावाची शेती, हाच विकलेला प्लॉट. खूण दिसली की सही करायची, एवढंच हाताला ठाऊक. मला वाटलं, खूण केली म्हणजे कुणीतरी वाचलं असेल."

कमरोद्दीनांनी मला टेबलावर ठेवले आणि पुन्हा उचलले. ही सवय आपणच लावली, हे त्यांना समजले असावे. वाचून दाखवणे लोक विसरले होते आणि खूण तेवढी लक्षात राहिली होती.

"गुलशन, चाय तीन कप," त्यांनी आतल्या खोलीत बायकोला हाक दिली. "आज वेळ लागंल."

वाचन अकरा पन्नासला सुरू झाले. इंग्रजीतले वाक्य तनुजा वाचायची आणि मराठीत सांगायची, बारीक अक्षर आले की मी पुढे व्हायचो. कंपनी लबाड आहे असे मी म्हणणार नाही. प्रकल्प तिथल्या जमीन खात्याकडे नोंदवलेला होता. बांधकामाचा पैसा ठेवायच्या वेगळ्या खात्याचा क्रमांकही दिलेला होता. तनुजाने दोन्ही तपासले, दोन्ही बरोबर निघाले. लपवलेले असे काही नव्हते. फक्त ज्याने घेणाऱ्याला आनंद व्हावा ते मोठ्या अक्षरात होते आणि बाकीचे लहान अक्षरात.

माहितीपत्रकात 'हमखास भाडे' या शब्दांवर एक चांदणी होती, मोहरीएवढी. तिची तळटीप मी शोधून दिली. भाडे घराचा ताबा मिळाल्यावर पहिली दोनच वर्षे, आणि त्यातून देखभालीचा वार्षिक आकार वजा. ताब्याची तारीख कंपनीला बारा महिने पुढे नेता येईल.

"आणि घर रिकामं असलं तर?" कमरोद्दीनांनी विचारले.

"आकार द्यावाच लागणार. चौरस फुटावर, दरसाल," तनुजा म्हणाली. "शिवाय नावावर करताना किमतीच्या चार टक्के नोंदणी. सुयशनं हे सांगितलं होतं का, आत्या?"

सुयश म्हणजे प्रदर्शनात भेटलेला कंपनीचा प्रतिनिधी.

"तो म्हणाला, कर शून्य. आणि दहा लाख पाठवले तेव्हा बँकेनं खरंच एक रुपया जास्त घेतला नाही."

"कारण आर्थिक वर्षाला दहा लाखांपर्यंत घेतच नाहीत. ती मर्यादा तू पहिल्याच घासात संपवलीस. आता ह्याच वर्षात तीस लाख पाठवायचे तर बँक वर वीस टक्के कापून सरकारकडं भरणार. सहा लाख."

"बुडाले?"

"बुडत नाहीत. रिटर्न भरलं की पुढच्या वर्षी हिशोबात मिळतात. पण सोमवारी तुला छत्तीस लाख लागतील, तीस नाही."

द्वारकाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"पण भाड्यावर तरी कर नाही ना?"

"तिथं नाही. तू राहतेस इथं. इथं राहणाऱ्या माणसाला जगात कुठंही मिळालेलं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. आणि भाडं नसलं तरी परदेशात घर आहे हे वेगळ्या तक्त्यात दरवर्षी लिहायचं. विसरलीस तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो."

"म्हणजे घर असण्याबद्दल दंड नाही, न सांगण्याबद्दल आहे."

"हो."

"मग सांगू की. मी कशाला लपवू? जुन्या शाळेत सगळ्यांना सांगणार होते."

कमरोद्दीन हसले, मग पुन्हा गंभीर झाले. "बाई, वारसाचं काय? तुमच्या मागं हिनंच बघायचं ना?"

"तिथं वेगळं मृत्युपत्र नोंदवून ठेवलेलं बरं," तनुजा म्हणाली. "नाहीतर माझ्या फेऱ्या तिथल्या कोर्टात."

"बघ, आत्याच्या कृपेनं दुबई बघशील."

"आत्या!" असे म्हणताना तनुजाला हसू आले. दोन दिवसांतले ते पहिले.

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही छत्तिसाव्या पानावर आलो. वर कलम क्रमांक चोवीस. त्याखाली उपकलम चार. अक्षर इतके बारीक, की माझ्या काठाचा टवका आड येऊ नये म्हणून कमरोद्दीनांना मला फिरवून धरावे लागले. तिथे लिहिले होते, की कंपनी घेणाऱ्याला त्याच आकाराचे दुसरे घर, दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या दिशेला तोंड असलेले, देऊ शकेल. त्यासाठी घेणाऱ्याची वेगळी संमती लागणार नाही. आणि उपकलम सहा असे होते, की दुसरा हप्ता चुकला तर नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांनी नोंदणीचे दहा लाख कंपनीचे.

कमरोद्दीनांनी पेन्सिल घेतली आणि उपकलम चारच्या बाजूला बारीक खूण केली.

"आता मला सांगा बाई. ह्या घराची चतुःसीमा कुठं लिहिली आहे?"

"चाचा, नवव्या मजल्याला कसली चतुःसीमा?" तनुजा म्हणाली. "ते अजून बांधलेलंही नाही."

"म्हणून तर. खाली जमीन असंलच ना? जमिनीला चार बाजू असत्यात. दुबईची असली म्हणून काय झालं?"

त्यांचा पुतण्या अफजल दुबईत विजेची कामे करतो. रविवारी त्याला सुट्टी असते. कमरोद्दीनांनी त्याला करारातला इमारतीच्या जागेचा क्रमांक पाठवला आणि निरोप दिला, की जाऊन चारी दिशांना उभे राहायचे, फोटो नंतर, आधी तोंडाने सांगायचे.

रविवार, १४ डिसेंबर. आपल्याकडे सकाळचे साडेदहा, तिथे नऊ. अफजलचा फोन आला. द्वारकाबाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मधोमध चौकोन काढला आणि वर उत्तर लिहिले.

"सलाम चाचा. पोचलो. धूळ लई आहे इथं."

"पूर्वेस काय?"

"मोठा रोड. सहा पदरी."

"दक्षिणेस?"

"वाळू. कुंपण घातलंय, काम काय नाय."

"उत्तरेस?"

"त्यांचीच दुसरी बिल्डिंग. स्लॅब पडायला लागलेत."

द्वारकाबाईंनी हात पुढे करून फोन आपल्याकडे घेतला. "अफजल, मी द्वारकाबाई. समुद्र कुठल्या दिशेला आहे?"

"पश्चिमेला, बाई. इथून दिसत नाय, पण वारा येतोय. खारट."

"मग पश्चिमेस काय आहे?"

"पाया खोदलाय. दुसऱ्या कुणाचा. बोर्ड लावलाय. वाचू का?"

"वाच."

"चौदा मजले."

द्वारकाबाईंनी वहीतल्या चौकोनाच्या डाव्या बाजूला चौदा लिहिले. आपल्या चौकोनात नऊ लिहिले. नववीच्या मुलालाही कळेल अशी ती आकृती होती. समुद्र, मग चौदा, मग नऊ.

"तुमची किती मजल्यांची, बाई?"

"एकवीस."

"मग वरचा घ्या ना. पंधराव्याच्या वर गेलात तर दिसंल."

"हुशार आहेस. कोणत्या शाळेत होतास?"

"तुमच्याच, बाई. वैजापूरला. तुम्ही मला नकाशा उलटा लटकवला म्हणून मारलं होतं."

"बरं केलं. आता दिशा बरोबर सांगतोस."

फोन ठेवल्यावर तनुजाचे मत स्पष्ट होते. सोडून द्यावे, दहा लाख गेले तर जाऊ द्यावे, तीस वाचतील. कमरोद्दीनांचे मत असे, की कंपनीने लिहिले तसे आपणही लिहून विचारावे. निर्णय द्वारकाबाईंचा होता. त्या खिडकीपाशी गेल्या. खाली गल्लीत कुणीतरी गाजराची गाडी उभी केली होती, भाव चालला होता. त्या थोडा वेळ तो ऐकत राहिल्या आणि परत येऊन बसल्या.

"मला भाडं नको, कर वाचवायचा नाही," त्या म्हणाल्या. "तो सगळा सुयशचा हट्ट. मला खिडकी पाहिजे होती. त्यांनी खिडकी लिहून दिली तर मी सहा लाख वर भरीन, तक्ते भरीन, मृत्युपत्र करीन. नाही दिली तर माझे दहा परत. उद्या मात्र एक पैसा जाणार नाही."

"आणि नाही दिले परत?" तनुजाने विचारले.

"तर बत्तीस वर्षं नकाशावर पाहिला, अजून पाहीन. पण विचारल्याशिवाय नाही सोडणार."

पत्र तनुजाने लिहिले, दीड पान. सोळावा मजला किंवा त्याच्या वर, पश्चिमेकडे तोंड, मजला आणि घराचा क्रमांक करारात कायम. उपकलम चार या घराला लागू नाही, असे लेखी. हे मान्य नसेल तर नोंदणी रद्द आणि दहा लाख परत. कमरोद्दीनांनी ते आधी मराठीतून मोठ्याने वाचून घेतले, दोनदा. मग खूण केली. मग द्वारकाबाईंनी सही केली. या वेळी त्यांनी सही करण्याआधी मला स्वतःच्या हाताने उचलले, तारीख पाहिली, मजला पाहिला, रक्कम पाहिली. अप्पारावांचाच क्रम, जवळजवळ. त्यांना तो कोणी सांगितला नव्हता. सही वाळल्यावर कमरोद्दीनांनी पत्रावरची खूण पुसली. छत्तिसाव्या पानावरची तशीच ठेवली.

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पत्र ईमेलने गेले. तीस लाख गेले नाहीत. मंगळवारी दुपारी सुयशचा फोन आला. आवाज नम्र होता.

"मॅडम, हा ठरलेला नमुना आहे. आजवर कुणी असं विचारलेलं नाही."

"मग मी पहिली," द्वारकाबाई म्हणाल्या. "बाळा, तू तरी छत्तिसावं पान वाचलं आहेस का?"

"वरती विचारून सांगतो, मॅडम," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी खणात नाही. कमरोद्दीनांनी मला टेबलावर, खिडकीजवळ ठेवले आहे. गुलशनबींनी मूठ तेलाच्या बोटाने पुसली, म्हणून काळ्या लाकडाला जुनी चमक आली आहे. गेल्या तीन दिवसांत दोन माणसे घरच्या कर्जाचे कागद घेऊन आली, दोन्ही बारीक अक्षरातले. दुपारचे ऊन काचेतून टेबलावर पडते तेव्हा तिथे एक छोटा पांढरा ठिपका उमटतो. कागद त्याच्यापासून दूर सरकवायचा, हे सगळ्यांना ठाऊक झाले आहे. मी सुखात आहे.

तुम्हाला सांगायचे ते इतकेच. भिंग असेल तर ते मऊ कापडाने पुसा, हाताशी ठेवा. नसेल तर दुसरे कोणी चालेल, भाची चालेल, शेजारी चालेल. पण सहीच्या जागी चिठ्ठी लावणारा आणि कागद वाचून दाखवणारा ही दोन वेगळी माणसे असू शकतात, हे विसरू नका. घर या गल्लीत असो की समुद्रापलीकडे, त्याच्या चारी बाजूंना कुणालातरी उभे करा. समजले नाही तर पुन्हा वाचायला लावा. त्यात लाज नाही. मी चोपन्न वर्षे हेच करत आलो आहे आणि अजूनही पहिल्या नजरेत मला सगळे दिसत नाही.

बुधवार, १७ डिसेंबर. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. कंपनीचे उत्तर आलेले नाही. हप्ता चुकल्याची नोटीसही आलेली नाही. करार टेबलावर छत्तिसाव्या पानावर उघडा आहे, मी त्याच्यावर आहे, खोडरबर माझ्या शेजारी आहे. उपकलम चारच्या बाजूची पेन्सिलीची खूण अजून पुसलेली नाही.